सुलूचा आवाज आणि चंदनचं मशीन

१२ जानेवारी २०२५, रविवार

डॉक्टर बोलत होता सुलूच्या गळ्याबद्दल आणि बघत होता मोबाईलकडे. तेही तोंडातल्या तोंडात. हल्ली सगळेच असे बोलतात, शब्द गिळून. मी दोनदा "काय?" म्हटलं तेव्हा त्याने मान वर केली.

थायरॉईडची गाठ आहे, काढावी लागेल. साधी गाठ दिसतेय, घाबरण्यासारखं नाही. सहा फेब्रुवारीला ऑपरेशन. नंतर आवाजात फरक पडू शकतो, कुणाला पडतो, कुणाला नाही. मी विचारलं, फरक म्हणजे किती, आमची ही गाते. तर म्हणतो, "प्रोफेशनल आहेत का?" मी नाही म्हटलं. "मग टेन्शन नाही."

म्हणजे स्टेजवर गात नाही त्या बाईचा आवाज गेला तरी चालेल. जिना उतरेपर्यंत माझं डोकं तापलं होतं. सुलू म्हणाली, जाऊ दे हो, त्यांना काय माहीत.

त्यांना माहीत नाही, पण मला तर होतं ना? बत्तीस वर्षं मी साऊंड केला. आधी ऑर्केस्ट्रा, मग मंडळांचे कार्यक्रम. लोक म्हणायचे, शशिकांतच्या कानांना मीटर लागत नाही. किती भिकार गाणाऱ्यांना मी माइकवर गोड करून दिलंय. आणि जी भाईंदरपासून काशीगावपर्यंत ओळखीच्या प्रत्येक हळदीला गाते, जिला संगमेश्वरकडची आईची, आजीची गाणी तोंडपाठ आहेत, तिच्यासमोर मी एकदाही माइक धरला नाही. आज बसमध्ये हे लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला.

ठरवलंय. ऑपरेशनच्या आधी घरातच रेकॉर्डिंग करणार. स्टुडिओत ती यायची नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

माळ्यावरून साऊंडचा जुना मिक्सर काढला. आठ चॅनलचा. पुसला, चाव्या फिरवून बघितल्या, सगळं चालू. आमच्या संजनाने, मुलीने, तिचा जुना लॅपटॉप दिलाय, मिक्सरची वायर त्यात जाते. खोलीचा खणखणाट मारायला खिडकीवर दोन गोधड्या टांगल्या.

पण घरात गायलेला आवाज कोरडा लागतो. भिंतीजवळ उभं राहून बोलल्यासारखा. मांडवात गाताना आवाजामागे जी जागा असते ती यायला हवी. त्यासाठी इफेक्ट मशीन लागतं. काशीगावला हायवेच्या बाजूला चंदनचं रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथून एक वापरलेलं आणलं. त्याने दुकानात लावून दाखवलं. म्हणाला, अंकल, एकदम क्लियर है. मी मान हलवली. गाड्यांच्या आवाजात काय कळणार.

१६ जानेवारी, गुरुवार

जोडणी केली. ज्याला येत नाही त्याला हे जंजाळ वाटतं, पण साधं आहे. सुलूचा माइक पहिल्या चॅनलला. तिच्या आवाजाची एक वाट सरळ जाते, दुसरी वाट 'ऑक्स' नावाच्या चावीतून बाहेर काढायची आणि मशीनमध्ये सोडायची. मशीन त्यात गुंज भरतं. ती गुंज दोन वायरींनी परत आणून सात आणि आठ नंबरच्या चॅनलला लावायची. झालं. मशीनमधून फक्त गुंज यायला हवी, मूळ आवाज नाही, नाहीतर तो दोनदा ऐकू येतो. पहिल्यांदा तसंच झालं, मग मशीनची मिक्सची चावी पूर्ण फिरवली.

सगळं बरोबर, तरी आवाजाला चमक नाही. घोंगडीखालून आल्यासारखा. सात-आठची ट्रेबल, म्हणजे बारीक सूर, वाढवली. थोडा फरक. अजून वाढवली.

सुलूने पहिलं गाणं म्हटलं,

सासरच्या वाटेवर शेवंतीची रास,
चालताना सये तुझा दमला का श्वास

मी थांबवलं. तिला सांगितलं, तू स आणि श खातेस. "आसरच्या वाटेवर एवंतीची रा" असं ऐकू येतं. इतकी वर्षं गातेस आणि शब्द नीट नाहीत. ती माझ्याकडे बघत राहिली. मग परत म्हटलं, परत तेच. तिसऱ्या वेळी तिने हेडफोन काढून ठेवला. कान दुखतो म्हणाली. मी म्हटलं, हेडफोनने कान दुखत नाही, सवय नाही तुला. तरी घातला नाही, शेवटी स्पीकर लावला.

गळ्यात गाठ आहे म्हणून असेल. उगाच ओरडलो.

१८ जानेवारी, शनिवार

दोष मशीनचाच. आज घेऊन गेलो. चंदनने लावलं, मान तिरकी करून ऐकलं, म्हणाला, बराबर है. मी म्हटलं, ट्रेबल मेलीय याची. तो म्हणाला, "अंकल, ट्रेबल तो बहुत है. चुभ रहा है."

मला शिकवतो. हा जन्मला तेव्हा मी चार हजार लोकांच्या मैदानात साऊंड करत होतो. मी आवाज चढवला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर सांगितलं की हा खराब माल खपवतो. चंदनने आतून दुसरं मशीन काढलं, माझ्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाला, ये ले जाओ.

घरी येऊन लावलं. हेही तसंच. म्हणजे दोन्ही एकाच कचऱ्यातली. आणि चेहरा असा करतो जसा त्याच्यावरच अन्याय झालाय.

१९ जानेवारी, रविवार

मशीन मेलेलं आहे तर त्याच्याकडून जास्त काम करून घ्यायचं. गुंज दाट व्हावी म्हणून सात-आठचीही ऑक्स थोडी उघडली. म्हणजे मशीनमधून आलेली गुंज पुन्हा मशीनमध्ये जाते. नवशिक्याला हे करू देत नाहीत, कारण आवाज गोल गोल फिरून शिट्टी मारायला लागतो. पण शिट्टी लागली तर मला कळेलच. माझे कान आहेत ना.

दुपारी खालच्या मजल्यावरची स्नेहल आली. तिला सहा महिन्यांचं बाळ आहे. बेल वाजली म्हणून सुलू उठली, मला वाटलं पाणी प्यायला जाते. स्नेहल म्हणाली, काका, कसलीतरी बारीक शिट्टी वाजतेय मघापासून, बाळ दचकून उठतंय. मी सांगितलं, शिट्टी नाही, गाणं चाललंय, लोकांच्या मिरवणुका चालतात तुम्हाला, घरात बाईने गायलेलं चालत नाही. सुलूने तिला दारापर्यंत सोडलं आणि बराच वेळ बोलत उभी राहिली. काय बोलली विचारलं तर म्हणाली, बाळाचं.

सुलूलाही शिट्टी ऐकू येते म्हणे. मी म्हटलं, पंख्याचं बेअरिंग असेल.

या बिल्डिंगमध्ये कुणाचं काही चांगलं चाललेलं बघवत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

साऊंडवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं. मीरा-भाईंदरचे दीडशे जण आहेत त्यात. लिहिलं की काशीगावच्या चंदनकडून कुणी काही घेऊ नका, दोनदा फसवलं, बायकोचं ऑपरेशन तोंडावर असताना. नाव, दुकान, सगळं लिहिलं. लगेच अंगठे आले. रवी आमच्यातला जुना, त्याचा फोन आला. म्हणाला, अरे शशी, चंदन तसा नाही, एकदा नीट बघ. मी म्हटलं, तू माझ्या कानांवर शंका घेतोस? त्यावर त्याने विषय बदलला.

संध्याकाळी कळलं, एका मंडळाने माघी गणपतीचं काम चंदनकडून काढून घेतलं. बरं झालं. अशांना असंच कळतं.

२६ जानेवारी, रविवार

पाच गाणी झाली. ट्रेबल सगळीकडे पूर्ण उघडल्यावर कुठे थोडी चमक आली. सुलू एका दमात गायली. मध्ये मध्ये डोळे मिटत होती, मला वाटलं रंगली.

संजनाला पाठवलं. ती विरारला असते, बेकरीच्या हिशेबाचं काम बघते, गाण्यातलं तिला काय कळतं. तिने फोनवर सांगितलं, "बाबा, आईचा आवाज पत्रा घासल्यासारखा येतोय. प्रत्येक स टोचतोय."

मी फोन ठेवला. पोटच्या पोरीला आईचा आवाज पत्रा वाटतो. तो डॉक्टर, तो चंदन, ती खालची, आणि आता ही. एकाही माणसाला सुलूच्या गाण्याची किंमत नाही. मी एकटा झटतोय.

सुलूला सांगितलं नाही. पण तिने संजनाला स्वयंपाकघरातून फोन केला बहुतेक, दार लोटलं होतं.

२९ जानेवारी, बुधवार

आजचं लिहायला हात जात नाही. तरी लिहितो.

संजना रजा टाकून आली. म्हणाली, माझ्यासमोर रेकॉर्ड करा, मला बघायचंय. मी म्हटलं, बघ. माइक लावला, स्पीकर चालू केला, सात-आठची ऑक्स जिथे होती तिथून किंचित वर नेली.

सुलूने गाणं उचललं आणि दुसऱ्या ओळीवर थांबली. दोन्ही हात कानांवर. संजनाचेही हात कानांवर. ती माझ्याकडे बघून ओरडत होती, बंद करा, बंद करा. मला वाटलं दोघींनी ठरवून नाटक लावलंय. रागाने मी मिक्सरकडे वळलो, आणि सात-आठचे लाल दिवे पेटलेले होते. लुकलुकत नव्हते, सलग पेटलेले. लाल दिवा म्हणजे आवाज मर्यादेबाहेर गेला. बत्तीस वर्षांत त्या दिव्याने मला कधी फसवलं नाही. दिवा सांगत होता की खोलीत किंचाळी चालू आहे, आणि मला फक्त लांब कुठेतरी डास असल्यासारखं वाटत होतं.

मी सात-आठच्या फेडरच्या दांड्या खाली ओढल्या. दिवे विझले. दोघींचे हात खाली आले.

मग संजनाने मोबाईलवर काहीतरी लावलं. त्यातून एकेक सूर वाजतो, जाडापासून बारीकपर्यंत. तिने विचारलं, येतोय? मी येतोय म्हणत गेलो. मग ती नुसतीच मोबाईल धरून उभी राहिली. मी म्हटलं, लाव ना पुढचा. ती म्हणाली, "बाबा, वाजतोय. तीन सूर वाजून गेले."

सुलू पलंगावर बसली होती. तिला विचारलं, तुला माहीत होतं? तिने मान हलवली. दोन वर्षं झाली म्हणाली. कुकरची शिट्टी ऐकू येते, दाराची बेल नाही. पाठीमागून बोललं की नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या कानांवर हे घर उभं राहिलं. तेच गेले असं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. रवीलाही असणार. मला सोडून सगळ्यांना. मी त्या दोघींवर खूप ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. संजना रडली. सुलू रडली नाही, उठून चहा टाकला.

३१ जानेवारी, शुक्रवार

कानाची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवलं. कागदावर रेघ काढून दिली. अर्ध्यापर्यंत सरळ चालते आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली. तपासणारी मुलगी मृणालिनी नावाची, वयाने संजनाएवढी. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलली. मोठ्या स्पीकरजवळ वर्षानुवर्षं काम केल्याने होतं, हळूहळू जातं म्हणून कळत नाही. बारीक सूर आधी जातात, स आणि श त्यातच. कानात मशीन लावून बराच फायदा होईल.

मी म्हटलं, मशीन नको. मी लोकांच्या कानांचं काम केलंय, मी कानात मशीन घालून फिरणार नाही.

परत येताना सुलूला सांगायचं होतं, तू स खात नव्हतीस. बसमध्ये जमलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

माघी गणपती. सगळीकडे मांडव, सगळीकडे साऊंड, आणि चंदन दुकानात बसून होता. एरवी या दिवशी दुकानाला कुलूप असतं त्याच्या.

मी सांगितलं. कान गेलेत, मशीन चांगली होती, दोन्ही. त्याने ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, म्हणेल जाने दो अंकल. म्हणाला नाही.

"आपने डेढ सौ लोगों को लिखा था. मुझे अकेले को बोलके क्या होगा?"

बरोबर होतं. तिथेच बाकड्यावर बसून ग्रुपवर लिहिलं. लिहिलं की चूक चंदनची नाही, माझी आहे, मला वरचे सूर ऐकू येत नाहीत आणि ते मला कळत नव्हतं, ज्यांनी काम काढून घेतलं त्यांनी त्याला परत बोलवावं. पाठवायच्या आधी त्याला दाखवलं. त्याने वाचलं आणि पाठवायचं बटण मलाच दाबू दिलं.

या वेळी अंगठे आले नाहीत. आता मला कुणी साऊंडला बोलावणार नाही. तसंही वर्षभरात बोलावलं नव्हतंच. म्हातारा झालो म्हणून असेल, असं मला वाटत होतं.

निघताना विचारलं, घरी येऊन एकदा ऐकशील का, गुरुवारी ऑपरेशन आहे. तो म्हणाला, टाइम नहीं है. समोर रिकामं टेबल होतं. मला राग आला, पण त्याच्यावर नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अकराला सुलूने दार उघडलं तर चंदन. चपला काढल्या, मला नमस्कारही केला नाही, सुलूला म्हणाला, आंटी, गाओ.

पंधरा मिनिटांत त्याने माझं सगळं मोडून परत उभं केलं. वायरी बरोबर होत्या, तेवढं कबूल केलं. सात-आठची ऑक्स पूर्ण बंद केली, म्हणजे गुंज परत मशीनमध्ये जायचा रस्ताच बंद. ट्रेबल सगळ्या मधोमध. मग म्हणाला, गुंज रेकॉर्डमध्ये भरूच नका. आंटीच्या हेडफोनमध्ये सोडा, त्यांना गायला बरं वाटेल, लॅपटॉपमध्ये सुका आवाज जाऊ दे. गुंज नंतर कधीही घालता येते, एकदा भरली की काढता येत नाही. हे मी वीस वर्षांपूर्वी दुसऱ्यांना सांगायचो.

सुलूने हेडफोन घातला आणि पहिल्यांदा तो काढला नाही. चंदनने विचारलं, कितना चाहिए? तिने स्वतः चावी फिरवली. जास्त केली, कमी केली, पुन्हा थोडी वाढवली. माझ्याच घरात, माझ्याच मिक्सरवर दोघं हिंदीत बोलत होते आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. मी मीटर बघत बसलो. दिवा लाल होऊ दिला नाही. तेवढं काम माझं.

अकरा गाणी झाली. शेवंतीचं गाणं ती सगळ्यात शेवटी गायली. मध्ये एकदा घोट घ्यायला थांबली आणि गळ्यावर हात ठेवला.

चंदनला जेवायला थांब म्हटलं. थांबला नाही. त्या मंडळाने परत बोलावलं का, विचारलं. म्हणाला, नहीं. दुसऱ्या कोणी बोलावलंय. एवढंच.

९ फेब्रुवारी, रविवार

ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली. काल घरी आणलं.

पण आवाज बसलाय, नुसती हवा येते. एक नस दुखावली आहे, तीन महिने थांबून बघू, असं डॉक्टरने सांगितलं. या वेळी मोबाईल खाली ठेवला होता. दोन आठवडे जोर लावून बोलायचं नाही, हळू बोला, असं सुलूला बजावलं.

आता गंमत बघा. तिने हळूच बोलायचं आणि मला हळू बोललेलं ऐकू येत नाही. काल दुपारी ती काहीतरी म्हणाली, मी काय म्हटलं, ती परत म्हणाली, मी पुन्हा काय म्हटलं. तिसऱ्या वेळी तिने जोर लावला आणि खोकल्याची उबळ आली, टाके दुखून डोळ्यांत पाणी आलं. तिला फक्त उशी हवी होती.

संजनाने पाटी-पेन्सिलचा उपाय काढला. सुलू पाटीवर लिहिते, मी चष्मा शोधतो. माझ्या एका हट्टापायी आजारी बाईने पाटीवर लिहायचं. उद्या मृणालिनीबाईंना फोन करतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कानात मशिनं बसवली, दोन्ही बाजूंना. संताप झाला. कागद फाटल्यासारखं काहीतरी सारखं वाजतंय म्हणून तक्रार केली, तर तो माझ्याच शर्टाचा आवाज. रिक्षातून येताना वाटलं, मुंडकं पत्र्याच्या डब्यात घातलंय. घरी नळ, भांडी, पिशव्या, सगळं अंगावर आलं. काढून टाकणार होतो.

त्याआधी लॅपटॉप उघडला. सव्वीस तारखेची पाच गाणी लावली, माझी, ट्रेबल पूर्ण उघडलेली. अर्धं गाणंही ऐकवेना. प्रत्येक स सुईसारखा. आणि सगळ्यावर ती शिट्टी, सबंध वेळ. हे स्पीकरमधून कानांवर घेत सुलू पाचही गाणी न थांबता गायली होती. डोळे मिटत होती, आणि मी लिहिलं होतं की रंगली.

मग चार तारखेचं लावलं. शेवंतीची रास, सगळी, एकेक स जागेवर.

सुलू दारात उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, तू काहीच खात नव्हतीस. ती हसली आणि बोट ओठांवर ठेवलं, कारण मी ओरडून बोलत होतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळपासून मशिनं ठेवलीत कानात. चिडचिड आहेच.

दुपारी जेवल्यावर मी पेपर वाचत होतो, सुलू पाठीमागे पलंगावर पडली होती. पाटी बाजूला ठेवलेली. तिचा आवाज अजून तसाच आहे, गाणं परत येईल की नाही ते मे महिन्यात कळेल.

ती म्हणाली, "पंखा कमी करता का, गार लागतंय."

मी उठलो, पंखा कमी केला, पायावर चादर टाकली आणि परत येऊन बसलो. तेव्हा लक्षात आलं, तिने एकदाच सांगितलं होतं.